आणखी एक मावेल

चिऱ्यांच्या दोन थरांचा वाफा, आठ फूट बाय चार.
तळाशी नारळाची सोडणं, वर तांबडी माती, शेण,
आणि कुंपणावरून कोन्सेसांवने दिलेली चुलीतली राख.
कृषी कार्यालयातून आणलेली चोवीस रोपं,
करंगळीएवढी,
बसमध्ये ट्रे मांडीवर धरून आलो,
शेजारच्याला म्हटलं, जरा सांभाळून.

टेप लावली. दोन फूट, मग रोप.
दोन फूट, मग रोप.
आठ लागली आणि वाफा म्हणे भरला.

भरला?

एकतीस वर्षं चोडणच्या फेरीवर काढली मी,
धक्क्यावर उभा राहून हात हलवत:
ये, ये, डावीकडे काप, आरसा मीट, ये,
दार उघडून माणूस उतरणार नाही इतकं जवळ.
मग दोन गाड्यांच्या फटीत स्कूटर,
स्कूटरच्या पुढ्यात पोदेराची सायकल, पावांच्या टोपलीसकट,
आणि साखळी ओढता ओढता
छत्री सावरत धावत येणारी मास्तरीण.
डेकचं लोखंड दिसता कामा नये, हा माझा हिशोब.
थांबवणं माझं काम नव्हतंच.
मास्टर वरून भोंगा द्यायचा, तेव्हा थांबायचं.

आणि इथे हे आठ हिरवे धागे,
मध्ये एवढी माती उघडी पडलेली,
एकाने खोकलं तर दुसऱ्याला कळणार नाही.
शेवंती वाळलेले कपडे काढायला गेली
तेवढ्यात मी मध्ये एकेक खोचलं.
मग त्यांच्याही मध्ये.
चोवीसच्या चोवीस.
हात झटकले. आत्ता कसं.

महिनाभर मी खूश होतो.
डिसेंबरात मांडवीवरून धुकं आत आलं,
अकरा वाजेपर्यंत पानं ओली.
वाफा म्हणजे एकच हिरवी गादी झाली होती,
वरून थोपटावी अशी.
खालची पानं मी बघितलीच नव्हती.
खाली काळे ठिपके, ठिपक्यांभोवती पिवळं कडं.

कोन्सेसांव कुंपणाशी येऊन बघत राहिली.
"हो वाफो काय फेरीबोट रे?"
मग वाकून पानांच्या आत हात घातला तिने, कोपरापर्यंत,
आणि विचारलं, "वारें खंय?"

मी उपटायला गेलो तर हाताला धरलं.
उपटू नको, काप.
मुळं एकमेकांत गेलीत, एक ओढशील तर तीन हलतील.

शेवंतीची शिवणाची कात्री घेतली, न विचारता.
पहिलं कापायला वेळ लागला.
नवव्या का दहाव्याला फूल होतं, पिवळं, मान खाली घातलेलं;
भोंग्याची वाट बघितली मी.
वर कोणी नव्हतं.

सोळा.
हातांना तो वास, हिरवा, उग्र,
साबणाने धुतले तर फेस पिवळा.
रात्री जेवताना शेवंतीने ताट जरा लांब सरकवलं.
निवृत्त झाल्यापासून ती दिवसातून दहा वेळा म्हणते,
"जरा बाजूला व्हा हो."
स्वयंपाकघर आमचं लहान. मला वाटायचं, तेवढंच कारण.

आता फेब्रुवारी. आठ रोपं, आठ बांबूच्या काठ्या,
जुन्या लुंगीच्या चिंध्यांनी बांधलेली.
दोनचारांची खालची पानं अजून वाळतात, ती मी खुडतो.
दुपारी कोन्सेसांवची कोंबडी मधल्या मातीत अंग घोळते,
हाकलावं तर तिचं म्हणणं, जागा आहे की.

सकाळी शेवंती वाफ्यात शिरते.
दोन रोपांच्या मध्ये पाय ठेवते, दोन्ही पाय,
लुगडं कशात अडकत नाही.
पिकलेलं तेवढं तोडते,
अर्धं कच्चं बोटाने दाबून सोडून देते.
टोपली भरली की वळायला जागा नाही,
पाठमोरीच मागे येते.

मी कडेच्या चिऱ्यावर उभा.
हात आपोआप वर जातो.
ये, ये. थोडं डावीकडे. ये.
बस.